ग्रीन्योंच्या शंखांची दोनशे वर्षे

पॅरिसजवळच्या ग्रीन्यों गावची वाळू साडेचार कोटी वर्षांपूर्वी उबदार, उथळ समुद्राचा तळ होती. तिच्यातले शंख इतके शाबूत निघतात की त्यांची ओळख पटवणे सोपे वाटावे. दोन शतकांचा मागोवा मात्र निराळे सांगतो. हातभर वाढणाऱ्या एका शंखाला फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्कने १८०४ मध्ये ‘सेरिथियम जायगँटियम’ म्हटले. उंच मनोरा, वेटोळ्यांवरच्या गाठी, तोंडाची ठेवण, सारे सेरिथियम या प्रजातीसारखेच होते. पुढे तो ‘कँपॅनिली’ या वेगळ्या प्रजातीत गेला. तिची एकच जाती आज नैर्ऋत्य ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर जिवंत आहे. शंखतज्ज्ञ रिचर्ड हाउब्रिकने १९८१ मध्ये तिची शरीररचना मांडली, तेव्हा कँपॅनिलीचे कुळच स्वतंत्र असल्याचे स्पष्ट झाले. हे नुसत्या कवचावरून कोणाला कळणार होते?

मग अशा ओळखींवर उभारलेला भूशास्त्रीय कालक्रम तरी कसा मानायचा, हा आक्षेप रास्त आहे. फ्रेंच शंखतज्ज्ञ देझेने पॅरिस खोऱ्यातले आणि युरोपात इतरत्र सापडलेले शंख-शिंपले हयात जातींशी ताडून पाहिले आणि त्याच्या मोजदादीवर भूवैज्ञानिक लायेलने १८३३ मध्ये इओसीन, मायोसीन, प्लायोसीन हे कालखंड आखले. इओसीनमधल्या सुमारे साडेतीन टक्के जाती आजही जगतात, असा देझेचा हिशेब होता. ‘हयात’ धरलेल्या यातल्या अनेक जाती पुढच्या अभ्यासकांनी वेगळ्या काढल्या. तरी कालखंडांचा क्रम ढळला नाही. माझ्या मते याचे श्रेय देझेच्या अचूकतेपेक्षा त्याच्या सातत्याला अधिक आहे. जुने-नवे सगळे थर एकाच नजरेने तपासले गेले, त्यामुळे टक्के चुकले तरी त्यांची चढती भाजणी टिकली. थरांची वर-खाली मांडणी साक्षीला होतीच.

जातीच्या पातळीवर मात्र सातत्य पुरत नाही. तिथे शंखाच्या टोकावरचे भ्रूणकवच पाहावे लागते: वेटोळी पुष्कळ आणि बारीक असली तर पिल्लू बहुधा पाण्यात तरंगत दूर गेले, मोजकी आणि फुगीर असली तर ते आईच्या आसपासच वाढले. शिवाय अतिनील प्रकाशात या पांढऱ्या शंखांवर विरलेले पट्टे आणि ठिपकेही उजळतात. रंग तर आजच्या एकाच जातीतही बदलतात, असे कोणी म्हणेल, आणि ते खरेच आहे. म्हणून एकटी नक्षी पुरावा ठरत नाही. भ्रूणकवचातला फरक तिच्या जोडीला आला की नवी जाती मानायला आधार मिळतो. अडचण एवढीच की नेमके टोकच पुष्कळदा झिजलेले किंवा मोडलेले असते.