बाळ छातीशी, हात मोकळे

माहेरचा मुक्काम संपवून बाळाला घेऊन सासरी आलं, की आठ दिवसांतच प्रत्येकीच्या ध्यानात येतं, की देवाने आपल्याला हात दोनच दिलेत. संध्याकाळचे सहा वाजतात, कणीक भिजवायची असते, दारात भाजीवाला उभा असतो, थोरलीचा गृहपाठ अडलेला असतो, आणि नेमकं तेव्हाच बाळराजे सूर लावतात. पाळण्यात ठेवलं की रडणार, उचललं की गप्प! मग काय, बाळ डाव्या कडेवर आणि उरलेला सगळा संसार उजव्या हातावर.

हा कडेवरचा संसार आपल्या कंबरेला फार महागात पडतो, बरं का. मूल कडेवर घेतलं की आपण नकळत एका बाजूला कंबर काढून उभ्या राहतो. बाळंतपणानंतर काही महिने पोटाचे स्नायू आणि कमरेचे सांधे सैलच असतात. त्यात रोज तासन्‌तास तीच बाजू, तोच हात. मनगट भरून येतं, पाठीत उसण भरल्यासारखं वाटतं, आणि आपण म्हणतो, ‘बाळंतपणात शेक नीट घेतला नाही, त्याचं हे फळ.’ शेकाचा दोष नसतो हो! ओझं एकाच बाजूला टांगलेलं असतं, एवढंच.

यावरचा उपाय आपल्या कपाटातच घडी घालून ठेवलेला आहे. जुनं, मऊ, पण धड असलेलं सुती पातळ.

तुम्ही म्हणाल, झोळी बांधायची? ती तर रानात कामाला जाणाऱ्या बायका बांधतात! बांधतात खऱ्या, आणि त्यांच्याकडून शिकण्यासारखंही आहे. आफ्रिकेतल्या बायका ‘कांगा’ने मूल पाठीशी बांधतात, मेक्सिकोतल्या बायका ‘रेबोझो’त घेतात, कोरियात ‘पोडेगी’ असते. अ‍ॅन मूर नावाची एक अमेरिकन परिचारिका १९६०च्या दशकात पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो देशात कामाला गेली होती. तिथली पाठीवरची शांत बाळं तिने पाहिली. मायदेशी परतल्यावर स्वतःच्या मुलीसाठी तिने आपल्या आईकडून तशीच पिशवी शिवून घेतली आणि १९६९ साली तिचं पेटंट मिळवलं. ‘स्नगली’ या नावाने ती पुढे अमेरिकेत घरोघरी गेली. म्हणजे आज आपण दुकानातून ज्या महागड्या पिशव्या आणतो, त्यांचं मूळ अशाच एका साध्या कापडात आहे. (आपल्याकडे पाठीशी मूल म्हटलं की झाशीच्या राणीचा पुतळा आठवतो. पण दामोदररावांना दत्तक घेतलं तेव्हाच, १८५३ साली, ते पाच वर्षांच्या आसपासचे होते; १८५८ साली झाशी सोडताना ते काही तान्हे नव्हते. राणीच्या पाठीला खरोखरच नमस्कार!)

‘सतत अंगाशी घेतलंस तर सवय लागेल,’ असं सासूबाई म्हणतील. त्यांना एक सांगा. कॅनडातल्या माँट्रियल इथे १९८६ साली ९९ आया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास झाला. त्यातल्या काही आयांना, बाळ रडो न रडो, त्याला रोज निदान तीन तास तरी अधिक अंगाशी घ्यायला सांगितलं होतं. सहा आठवड्यांची असताना ही बाळं इतरांपेक्षा ४३ टक्क्यांनी कमी रडली, आणि संध्याकाळच्या वेळी तर ५१ टक्क्यांनी कमी. मात्र पोटदुखीसारखं रडणं एकदा सुरू झाल्यावर मग बाळाला जास्त वेळ उचलून फारसा फरक पडत नाही, असंही नंतर आढळलं. तेव्हा हे रडण्यावरचं औषध समजू नका. रोजचा रिवाज समजा.

आता बांधायचं कसं ते पाहू. पाचवारी पातळ लांबीला अगदी पुरतं. नायलॉन किंवा कृत्रिम धाग्याचं नको, ते सरकतं आणि घामाने अंग शिजवतं. जरीचा काठ बाळाच्या गालाला बोचतो. पातळ उजेडासमोर धरून पाहा. विरलेलं, कुठे दशा पडलेलं असेल तर त्याची दुपटी शिवा. बाळाचा भार त्यावर टाकू नका. पन्हा मोठा असतो, म्हणून वरचा एक तृतीयांश भाग लांबीत दुमडून घ्या.

पातळाचा मध्य छातीवर धरा. दोन्ही टोकं काखेखालून पाठीवर न्या, तिथे एकमेकींवरून फुली घालून विरुद्ध खांद्यांवरून पुढे आणा. छातीवर एक खिसा तयार झाला. त्यात बाळाला पोट आपल्या पोटाला लागेल असं उभं बसवा. एक हात बाळाच्या पाठीवरून काढायचा नाही, अगदी गाठ बसेपर्यंत. आता विहिरीचा दोर ओढतो तसं एकेक टोक थोडं थोडं ओढून सगळीकडचा सैलपणा काढा. मग टोकं बाळाच्या बुडाखाली फुली घालून, त्याच्या मांड्यांखालून मागे न्या आणि कमरेवर बांधा. गाठ निरगाठ हवी. सुरगाठ अजिबात नको. पहिल्यांदा तीन किलो तांदळाची पिशवी घेऊन आरशासमोर सराव करा, आणि बाळाला प्रथम बांधाल तेव्हा पलंगाजवळ, कुणाला तरी शेजारी उभं करून बांधा.

बाळाची बैठक बेडकासारखी हवी. गुडघे बुडापेक्षा थोडे वर, मांड्या फाकलेल्या, आणि कापड एका गुडघ्याच्या खोबणीपासून दुसऱ्या खोबणीपर्यंत पसरलेलं. असं बसल्याने खुब्याच्या सांध्याला आधार मिळतो. आपल्याकडे दुपट्यात पाय सरळ ओढून घट्ट गुंडाळायची पद्धत आहे, ती मात्र खुब्याला चांगली नाही. तयार पिशवी विकत घेतानाही हेच पाहा. बैठक अरुंद असेल आणि पाय लोंबत असतील तर ती दुकानातच राहू द्या, मग तिच्यावर कितीही गोड हत्ती छापलेले असोत!

आता सगळ्यात महत्त्वाचं. लहान बाळाची मान दुबळी असते. ते झोळीत मुटकुळं होऊन बसलं आणि हनुवटी छातीला टेकली, की श्वासाची वाट अरुंद होते, आणि ते रडून सांगूही शकत नाही. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने २०१० साली झोळीवजा पिशव्यांबद्दल इशारा दिला, तो याचसाठी. आधीच्या वीस वर्षांतल्या निदान १४ मृत्यूंचा त्यात उल्लेख होता आणि त्यातली १२ बाळं चार महिन्यांच्या आतली होती. म्हणून तान्ह्याला आडवं, पिशवीत घातल्यासारखं घेऊ नका; उभंच घ्या. त्याचं तोंड तुम्हाला खाली पाहताच दिसलं पाहिजे, त्यावर पदर-ओढणी नको. मान किंचित वाकवली की त्याच्या टाळूची पापी घेता आली पाहिजे, इतकं ते वर हवं. हनुवटी आणि छाती यांत तुमची दोन बोटं सहज मावली पाहिजेत. तुम्ही पुढे झुकलात तर बाळ अंगापासून सुटता कामा नये. अंगावर पाजायला गाठ सैल केलीत तर पाजून झाल्यावर बाळाला पुन्हा वर घेऊन घट्ट करा. तिथेच पेंगू देऊ नका. बाळ अपुऱ्या दिवसांचं, वजनाने कमी किंवा सर्दीने चोंदलेलं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. कमी वजनाच्या बाळांना उघड्या छातीशी धरायची ‘कांगारू’ पद्धत १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांनी सुरू केली, आणि आता आपल्याकडच्या रुग्णालयांतही ती शिकवतात. ती मात्र तिथल्या नर्सबाईंकडूनच शिकून घ्यावी.

बांधूनही अंग दुखत असेल, तर कुठे दुखतं ते नीट पाहा. बांधण्यातली चूक तिथेच सापडते. मान आणि खांद्याचा वरचा भाग दुखत असेल, तर कापड मानेजवळ दोरीसारखं गोळा झालेलं असतं. ते खांद्याच्या गोलाव्यावर पदरासारखं पसरा. कमरेत दुखत असेल, तर बाळ फार खाली लोंबतंय. पाठीच्या मध्यावर खुपत असेल, तर तिथली फुली चुरगळली आहे. ती सपाट करून घ्या. एकाच खांद्याची झोळी बांधणाऱ्यांनी खांदा रोज बदलावा. शस्त्रक्रियेने बाळंतपण झालं असेल, तर डॉक्टरांनी होकार देईपर्यंत थांबा. सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटं पुष्कळ झाली. खालची वस्तू उचलताना गुडघ्यांत वाका, कमरेत नको.

मान चांगली धरू लागलं, की बाळाला कडेच्या झोळीत घेता येतं, आणि ते बसू लागलं, साधारण सहा महिन्यांचं झालं, की पाठीवर. मोठ्या बाळाचा भार पाठीवर फार हलका वाटतो, आणि त्याला आपल्या खांद्यावरून सगळं जग दिसतं.

झोळीत बाळ असताना गॅसजवळ जायचं नाही, तळण तर दूरच. भाज्या निवडा, धुणं वाळत घाला, थोरलीचं पाढ्यांचं पाठांतर घ्या. पण फोडणी नंतर. चहाचा गरम कपसुद्धा हातात नको. स्कूटरवर तर कधीच नाही, आणि मोटारीत बाळाची वेगळी खुर्ची हवी. नागपूर-अकोल्याकडच्या मैत्रिणींनी वैशाखात दुपारी झोळी टाळावी. एरवीही कापड म्हणजे एक अंगरखाच धरा. आत पातळ झबलं पुरे. मानेमागे हात लावून पाहा, घाम असेल तर बाळाला मोकळं करा.

आणि हो, ही गाठ यजमानांनाही शिकवा. त्यांच्या छातीशीही बाळ झोपतं, छान झोपतं. फक्त ते तुमचं फुलाफुलांचं पातळ बांधायला कुरकुर करतील. त्यांच्यासाठी बाजारातून पाच मीटर जाडसर सुती कापड आणा, निळं किंवा करडं, टोकांना शिलाई मारून, दोनदा धुऊन खळ काढून घ्या.