रेडिएटरमधलं पाणी

मे महिन्यात धुळ्याकडून आग्रा-मुंबई रस्त्याने इंदूरला परतताना, खलघाटला नर्मदा ओलांडली की विंध्य चढायचा असतो. पुण्या-नाशकाशी नातं राखून असलेल्या इंदूरच्या मराठी घरांना हा रस्ता पाठ आहे. मानपूरच्या घाटात ट्रकांच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये रखडताना जुन्या गाडीचा काटा लाल पट्टीकडे सरकू लागतो. मग कडेला थांबायचं, बॉनेट उघडायचं आणि चढाला नाहीतर उन्हाला दोष द्यायचा. माझ्या मते दोष बहुतेक वेळा पाण्याचा असतो. वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये ओतत आलेल्या पाण्याचा.

माळवा बसाल्टवर वसला आहे आणि इथल्या बोअरचं पाणी जड. ते तापलं की त्यातला चुना धातूला चिकटतो. ॲम्बेसेडर, पद्मिनी यांचे ब्लॉक बिडाचे, म्हणजे त्यात गंजाची भर. रेडिएटरच्या चपट्या नळ्या आधीच अरुंद. पापुद्रा धरला की पाणी फिरतं, पण उष्णता बाहेर पडत नाही. 1978 साली जलूदहून जवळपास 70 किलोमीटरवरून नर्मदा शहरात आली, तेव्हापासून नळाला बरं पाणी आहे. इंजिनासाठी मात्र तेही नको. इन्व्हर्टरच्या बॅटरीला आपण विकतचं डिस्टिल्ड पाणी घालतो आणि इंजिनाला अंगणातल्या बादलीतलं. हा हिशेब मला कधीच पटलेला नाही.

रेडिएटर धुण्याचं काम अवघड नाही, पण घाईचं नाही. इंजिन पूर्ण गार असल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही. हे झाकण नुसतं झाकण नसतं. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, त्यामुळे उघड्या भांड्यातलं पाणी इथे 98 अंशांच्या आसपासच उकळतं. झाकणाची स्प्रिंग आत दाब धरून ठेवते म्हणून उकळबिंदू शंभराच्या बराच वर जातो. रबर कडक झालेलं झाकण आधी बदलावं. इतक्या कमी पैशांत एवढा फरक दुसऱ्या कुठल्या पार्टने पडत नाही.

खालची तोटी सोडली की पहिल्यांदा येतं ते चहासारखं तांबडं पाणी, मागून बारीक खपल्या. ब्लॉकलाही एक प्लग असतो. तो बहुधा जाम झालेला असतो म्हणून पुष्कळ जण सोडून देतात, आणि गाळ नेमका तिथेच बसलेला असतो. थर्मोस्टॅट काढून घ्यायचा, हीटर असेल तर त्याचा कॉक उघडा ठेवायचा, मग पाइप लावून पाणी उलट्या दिशेने सोडायचं: रेडिएटरला खालून वर. नेहमीच्या प्रवाहाने घट्ट दाबून बसवलेला कचरा उलट्या धारेने सुटतो. स्वच्छ पाणी येईपर्यंत थांबायचं नाही. आणि शेवटचं धुणं डिस्टिल्ड पाण्याने.

एवढ्यानेही नळ्या मोकळ्या झाल्या नाहीत तर रेडिएटर उतरवावा लागतो. तांब्या-पितळेच्या रेडिएटरची वरची टाकी डाग सोडवून काढायची, एकेका नळीतून पातळ पोलादी पट्टी खालपर्यंत सरकवायची, टाकी पुन्हा झाळायची. नळी फाटू न देता पट्टी चालवणं हाताच्या सवयीचं काम आहे आणि ते हात कमी होत चालले आहेत. ॲल्युमिनियमच्या, प्लॅस्टिक टाकीच्या रेडिएटरला हा उपचार चालत नाही, तो बदलतात. ज्या शहराच्या महाराजांनी, दुसऱ्या यशवंतराव होळकरांनी, 1930च्या दशकात ड्यूसेनबर्ग मोटार मागवून तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंगकडून बॉडी चढवून घेतली, त्या शहरात तरी ही कारागिरी टिकायला हवी असं मला मनापासून वाटतं.

आता थर्मोस्टॅट. गाडी तापते म्हणून तो काढून फेकून देण्याची पद्धत आपल्याकडे फार आहे. मग इंजिन वेळेवर तापतच नाही, पेट्रोल जास्त खातं, सिलिंडर झिजतात. जुना थर्मोस्टॅट पातेल्यातल्या पाण्यात टांगून गरम करा. 82 अंशांवर उघडणारा असेल तर पाणी उकळायच्या बरंच आधी त्याची तबकडी हललेली दिसेल. नाही हलली तर नवा घाला.

भरताना निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी. इंदुरात पाणी गोठण्याची भीती नाही, पण कूलंट गंज रोखतं आणि उकळबिंदू आणखी चढवतं. मारुती 800ला सगळं मिळून जेमतेम चार लिटर लागतं. हळूहळू ओता, झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करा. बुडबुडे येत राहतील. वरचा पाइप बराच वेळ कोमट राहतो आणि थर्मोस्टॅट उघडताच एकदम चटका देतो. त्याच क्षणी रेडिएटरमधली पातळी खाली जाते. तेवढी भर घाला, मग झाकण लावा.

काढलेलं जुनं कूलंट गटारात सोडू नका. ते विषारी असतं आणि चवीला गोड, गायी-कुत्री तोंड लावतात. शिवाय इथली गटारं एकेकाळी थेट कान्ह नदीत जात होती आणि कान्ह पुढे क्षिप्रेला मिळते. ते नाले नदीपासून तोडायला या शहराने पुष्कळ खर्च केला आहे. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वर नाव लिहून गॅरेजवाल्याला जुन्या ऑइलबरोबर, पण वेगळं द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनावर पातळी पुन्हा बघा, पाइपांच्या क्लिपांखाली ओल आहे का तेही बघा. घाटाचा रस्ता त्यानंतर धरा.