पायाच्या बोटांचे वाकडेपण : ओळख व उपचार

देवळाच्या पायरीशी पादत्राणे उतरली की बोटांचे वाकडेपण सहज नजरेस पडते; पण ते वयाचे लक्षण समजून बहुधा सोडून दिले जाते. मधुमेही व्यक्तींना हे दुर्लक्ष फार महाग पडू शकते, म्हणून ही माहिती देत आहोत.

अंगठ्यास दोन व इतर प्रत्येक बोटास तीन हाडे असतात. मधला सांधा वाकून वर आला म्हणजे 'हॅमर टो'. बोट मुळाशी वर उचलले जाऊन पुढील दोन्ही सांध्यांत खाली वळले म्हणजे 'क्लॉ टो'. अंगठा शेजारच्या बोटाकडे कलला की त्याच्या मुळाशी जो उंचवटा येतो, त्यास 'बनियन' म्हणतात. (अंगात घालावयाच्या बनियनशी त्याचा काही संबंध नाही!)

आनुवंशिकता व संधिवात ही कारणे आहेतच. निमुळती पादत्राणे त्यांत भर घालतात. हाँगकाँग येथील चिनी लोकांच्या १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पादत्राणे वापरणाऱ्यांपैकी ३३ टक्के लोकांचा अंगठा कललेला आढळला, तर अनवाणी वावरणाऱ्यांत हे प्रमाण अवघे १.९ टक्के होते.

वाकलेले बोट हाताने हळुवार सरळ करून पाहावे. ते सरळ होत असेल तर पुढून रुंद व खोल पादत्राणे, बोटाखाली मऊ गादी आणि बोटांचे व्यायाम यांनी बराच आराम पडतो. ताठर झालेले बोट मात्र पट्ट्या बांधून सरळ होत नाही. वेदना थांबतच नसतील तर शस्त्रक्रियेने सांध्याचा थोडा भाग काढतात किंवा सांधा जोडून टाकतात. केवळ दिसण्यासाठी ती करून घेऊ नये, असे आमचे मत आहे.

मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात, लहान स्नायू दुबळे पडतात व बोटे आत वळतात. मग बोटाचे टोक जमिनीवर दाबले जाते, वरचा सांधा चपलेवर घासतो आणि जखम होते. पण ती दुखत नाही, म्हणून माणूस चालतच राहतो! अशा व्यक्तींनी कुरूप ब्लेडने कापू नये, कुरुपाची औषधी पट्टी लावू नये, घट्ट जोडवी घालू नयेत. मऊ तळाची एमसीआर चप्पल, मागे पट्टा असलेली, घ्यावी. पायाची संवेदना डॉक्टर नायलॉनच्या तंतूने क्षणात तपासतात. बोट लवचीक असून टोकाची जखम भरत नसेल, तर लहानशा छेदाने स्नायूची दोरी सोडवूनही ती भरून येऊ शकते.

पाय बधिर झालेल्या भाविकांनी अनवाणी प्रदक्षिणेचा आग्रह धरू नये, दुपारच्या तापलेल्या फरशीवर तर मुळीच नाही. सभामंडपातून केलेला नमस्कार देवास पोहोचतो, अशी आमची श्रद्धा आहे. घरी गेल्यावर तळवे व बोटांमधील जागा पाहावी. वाकता येत नसल्यास आरसा धरावा. फोड, लाली वा काळेपणा दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.