सिंहाची ओळख मिशांपाशी

आयाळ बघून सिंह ओळखायला गेलात तर हमखास फसाल. वयाबरोबर ती गडद होते, मारामारीत उपटली जाते, आजारपणात विरळ होते. खात्रीची खूण मिशांपाशी असते. सिंहाच्या मिशांचे केस ओळीने उगवतात आणि त्यांच्या मुळाशी काळे ठिपके दिसतात. सर्वांत वरच्या पूर्ण ओळीच्याही वर आणखी मोजकेच ठिपके असतात. ते खालच्या नेमक्या कोणत्या ठिपक्यांच्या वर बसलेत, हे टिपून घ्यायचं. डावी बाजू उजवीसारखी नसते, म्हणून फोटो दोन्हींचे हवेत. ही नक्षी जन्मभर टिकते. कॉलिन पेनिक्विक आणि नैरोबी राष्ट्रीय उद्यानातल्या सिंहांचा अभ्यास करणाऱ्या ज्युडिथ रुडनाई यांनी १९७० मध्ये ही पद्धत मांडली.

फाटका कान, तुटका सुळा यांचीही नोंद होते, पण जखमांत भर पडत राहते. नाकाचा गुलाबी रंग काळवंडत जातो, त्यावरून फार तर वयाचा अंदाज येतो.

एवढा खटाटोप मला अत्यावश्यक वाटतो. कळपावर नवे नर चालून आले की आधीच्या नरांची पिल्लं बहुधा मारली जातात. नर बदलले की तेच आहेत, हे ठिपक्यांवाचून कसं कळणार?