स्लॅब न ओतता माडी

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ फुटांवर धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर चढलं. पूरपट्ट्यात कच्च्या भेंड्यांची भिंत अशा पाण्यात विरघळते आणि बसते. म्हणून नव्या घराची भिंत आता बहुधा सिमेंट ब्लॉकची असते. पण पुरात भिंत टिकून भागत नाही. धान्य, अंथरूण, कागदपत्रं वर चढवायला माडी लागते. आणि गरिबाचं घर अडतं ते नेमकं माडीपाशी.

ब्लॉकचं गणित सरळ आहे. सोळा इंच लांब, आठ इंच उंच, आठ इंच रुंद असा एक ब्लॉक आठ-नऊ विटांची जागा घेतो. सांधे कमी, म्हणून मालही कमी लागतो. भट्टी नाही, शेतातली माती नाही. क्रशरचा चुरा, बारीक खडी आणि सिमेंट, एवढ्यावर काम होतं. ‘ब्लॉकच्या भिंतीला तडे जातात’ ही तक्रार खरी आहे, पण त्यात दोष घाईचा. भारतीय मानक सांगतं, ब्लॉकला किमान १४ दिवस पाणी मारा आणि मग चार आठवडे सुकू द्या. सुकताना तो आकसतो, आणि ते आकसणं भिंतीत जाण्याआधीच उरकायला हवं. मागणी वाढली की कोवळा माल ट्रॉलीत चढतो. त्यात विटेच्या सवयीनं गवंडी ब्लॉकही पाण्यात भिजवून लावतो. वीट भिजवायची असते, ब्लॉक नाही.

आता वरचा मजला. स्लॅब म्हटला की सेंटरिंगच्या प्लेटा, टेकू, त्यांचं भाडं, आणि एका दिवसात सगळं ओतायला मिक्सर व मजुरांची टोळी. पंतप्रधान आवास योजनेच्या ग्रामीण घराला मैदानी भागात केंद्रीय नियमानं १.२० लाख रुपये. घर किमान २५ चौरस मीटरचं. त्यात माडीचा हिशेब बसवायचा कसा?

रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं याचं उत्तर कधीच काढलंय, आणि १९९४ मध्ये त्याचं भारतीय मानकही झालं. जुन्या वाड्याच्या माडीसारखंच हे: खाली तुळया, वर फळ्या, फक्त लाकडाऐवजी काँक्रीट. फळी ३० सेंटिमीटर रुंद, फार तर दीड मीटर लांब. मध्ये ६ सेंटिमीटर जाड, तुळईवर टेकणाऱ्या टोकांकडे ३. वजन पन्नास किलोच्या आसपास, म्हणजे दोघे जण उचलून मांडतात, क्रेन नको. टोकांवर राहिलेली पोकळी सळ्या टाकून जागेवरच काँक्रीटनं भरली की तुळई आणि फळ्या एकजीव होतात. फळ्यांखाली सेंटरिंग लागतच नाही. शिवाय पैसे येतील तशा फळ्या पाडून ठेवता येतात. स्लॅबला अशी हप्तेवारी चालत नाही.

सांध्यातलं हे काँक्रीट मात्र हलगर्जीनं करायचं काम नव्हे. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप जुनी माणसं विसरलेली नाहीत. सुट्या फळ्या नुसत्या भिंतीवर टेकवल्या तर धक्क्यात त्या सरकतात. ब्लॉकच्या भिंतीवर सळ्यांचा सलग पट्टा हवा आणि मजला त्यात अडकलेला हवा. वरच्या छतावर फळ्या वापरायच्या असतील तर पाणी रोखण्याचं काम आणखी निगुतीनं करावं लागतं. माझ्या मते सुरुवात आतल्या माडीपासून करावी, छतापासून नव्हे.

मग हे रुजत का नाही? एक कारण तर मानाचं आहे. स्लॅब पडला की पेढे, टोळीला जेवण. दोघांनी मांडलेल्या फळ्यांना तो थाट कुठला? दुसरं कारण अधिक खरं: फळ्या विकत मिळायला हव्यात. शेताला, प्लॉटला तयार सिमेंटचं कंपाउंड बसवून देणारे कारखाने या भागात थोडे नाहीत. खांब आणि पाट्या रोज पाडणाऱ्या त्यांच्याकडे साचे आहेत, काँक्रीट थरथरवून बसवायची सोय आहे, पाणी मारायला जागा आहे. फळ्याही तेच पाडू शकतील. फक्त फळीसाठी साचा वेगळा करावा लागेल, आतल्या सळ्या इंजिनियरकडून ठरवून घ्याव्या लागतील आणि दर लॉटमधली एखादी फळी वजन ठेवून तपासावी लागेल.