विश्लेषण : कापूस संपल्यावर गुलाबी बोंडअळी जाते कुठे?

शेवटची वेचणी झाली, पऱ्हाट्या वाळल्या की बोंडअळीला शेतात खायला काही उरत नाही. तरीही पुढच्या खरिपात कपाशीला पात्या लागताच ती हजर होते. मधले महिने ती काढते ‘सुप्तावस्थेत’.

सुप्तावस्था म्हणजे काय?

प्रतिकूल काळ येण्याआधीच कीटक आपली वाढ थांबवतो. संप्रेरके बदलतात, श्वसन मंदावते आणि साठवलेल्या चरबीवर गुजराण होते. थंडीने गारठलेला कीटक ऊब मिळताच हालचाल करतो. सुप्तावस्थेतला मात्र ठरावीक काळ उलटल्याशिवाय सहसा जागा होत नाही.

ऋतू कळतो कसा?

मुख्यतः दिवसाच्या लांबीवरून. पाऊस आणि तापमान दरवर्षी बदलते, दिवस मात्र ठरल्याप्रमाणेच लहान होतो. दिवस लहान आणि रात्री थंड होऊ लागल्या की पूर्ण वाढलेली गुलाबी अळी, बऱ्याचदा दोन सरक्या एकमेकींना जोडून, त्यांच्या आत दडून बसते. पुढे अनुकूल हवामान मिळाले की कोष आणि मग पतंग.

फरदड धोक्याची का?

बीटी कपाशीला देशात 2002 मध्ये, तर दोन जनुकांच्या वाणांना 2006 मध्ये परवानगी मिळाली. पुढे गुलाबी अळीने दोन्हींविरुद्ध प्रतिकारशक्ती मिळवली. 2017 मध्ये विदर्भाला मोठा फटका बसला. एखादी जास्तीची वेचणी मिळावी म्हणून फरदड ठेवली जाते. पण हिवाळ्यातल्या याच बोंडांवर सुप्तावस्थेत जाणारी पिढी पोसली जाते. थोड्या कापसासाठी पुढच्या हंगामाची कीड आपणच सांभाळतो.

उपाय काय?

डिसेंबरअखेर पीक संपवावे. उरलेली बोंडे जनावरांना चारावीत. सरपणासाठी पऱ्हाट्या बांधावर रचणे म्हणजे अळीला घर देणे; त्यापेक्षा यंत्राने बारीक करून त्यांचे खत करावे. जिनिंगमधील किडकी सरकीही नष्ट करायला हवी. जूनपूर्वी लागवड टाळली तर लवकर निघालेल्या पतंगांना पात्या मिळत नाहीत आणि त्यांची अंडी वाया जातात.

अमेरिकेने 2018 मध्ये आपल्या कापूस पट्ट्यातून ही अळी हद्दपार झाल्याचे जाहीर केले. तेथे बीटी वाण, वंध्य पतंग आणि कामगंधाबरोबर पऱ्हाट्या नष्ट करण्यावरही भर होता. आपल्याकडे शेते लहान, एकमेकांना लागून. पतंग बांध ओळखत नाही. म्हणून फरदड मोडायची ती गावाने मिळूनच.