जमिनीखालचा हक्क: विकावा की ठेवावा?

तेल आणि नैसर्गिक वायू यांचा खनिजहक्क म्हणजे जमिनीच्या पोटातले तेल व वायू काढण्याचा, दुसऱ्याला काढू देण्याचा आणि त्याचा मोबदला घेण्याचा हक्क. बहुतेक देशांत तो सरकारच्या हाती असतो. अमेरिकेत मात्र तो खाजगी माणसाकडे असू शकतो, स्वतंत्रपणे विकता येतो आणि मृत्युपत्राने वारसांकडे जातो. टेक्सास किंवा ओक्लाहोमात स्थायिक झालेल्या एखाद्या काकांच्या मागे असा हक्क उरतो आणि त्याची कागदपत्रे भाईंदरच्या पुतण्याच्या हाती पडतात. त्यावर एखाद्या कंपनीचा भाडेपट्टा आधीच असेल, तर थोड्याच दिवसांत खरेदीदारांची पत्रेही येऊ लागतात. त्या वेळी काय विकायचे आणि काय राखायचे, हे ठरवण्याआधी हा हक्क नीट समजून घ्यावा लागतो.

मीरा-भाईंदरच्या रहिवाशाला ही कल्पना नवी वाटते, कारण इथे तसा प्रश्नच उद्भवत नाही. सातबाऱ्यावर नाव असले तरी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ प्रमाणे जमिनीतल्या खनिजांवरचा हक्क सर्वसाधारणपणे शासनाचा असतो. विनापरवाना मुरूम किंवा माती काढून नेली तर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. तेल आणि वायू हे विषय केंद्राच्या सूचीत आहेत. समुद्राखालची खनिजसंपत्ती राज्यघटनेच्या अनुच्छेद २९७ नुसार केंद्र सरकारची आहे. मुंबई हाय हे तेलक्षेत्र १९७४ मध्ये सापडले आणि दोन वर्षांनी बसीन हे वायूक्षेत्र. बसीन म्हणजे खाडीपलीकडची वसई. म्हणजे भाईंदरच्या शेजाऱ्याचे नाव मिरवणारा हा वायूसाठा समुद्रात असला, तरी इथल्या कोणाही खातेदाराला त्यातून रॉयल्टी मिळत नाही. शेतातून वायूवाहिनी गेली, तर १९६२ च्या पेट्रोलियम व खनिज वाहिनी कायद्याखाली जमिनीच्या बाजारभावाच्या दहा टक्के भरपाई आणि नुकसानीचा मोबदला मिळतो. मालकी शेतकऱ्याचीच राहते, कंपनीला फक्त वापराचा हक्क मिळतो.

अमेरिकेत एकाच जमिनीचे दोन हक्क होऊ शकतात, वरचा पृष्ठभागाचा आणि खालचा खनिजाचा. शंभर वर्षांपूर्वी एखाद्या शेतकऱ्याने शेत विकताना खालचा हक्क राखून ठेवला असेल, तर आज वरचे घर एकाचे आणि खालचे तेल दुसऱ्याचे असते. खनिजहक्काचा मालक स्वतः विहीर खोदत नाही. तो कंपनीला भाडेपट्टा देतो. सही करताना एकरामागे एकरकमी बोनस मिळतो. पुढे विहीर लागली की उत्पादनातला ठरलेला वाटा मिळतो, तीच रॉयल्टी. जुन्या करारांत ती एक अष्टमांश असे. चांगल्या क्षेत्रात आज ती एक चतुर्थांशापर्यंत जाते. पट्ट्याची पहिली मुदत बहुधा तीन ते पाच वर्षांची असते, पण उत्पादन सुरू झाले की ते चालू असेपर्यंत पट्टा टिकतो. हक्क विकला म्हणून पट्टा संपत नाही. नवा मालक त्याच पट्ट्यासह तो घेतो.

हिशेब करून पाहिला की निर्णयाचे स्वरूप कळते. समजा, ६४० एकरांच्या एका गटात वारसाचा हक्क ४० एकरांवर आहे आणि रॉयल्टी एक पंचमांश आहे. ४० भागिले ६४०, गुणिले एक पंचमांश, म्हणजे ०.०१२५ हा त्याचा वाटा. विहिरीतून महिन्याला ६,००० पिंपे तेल निघाले आणि भाव ७० डॉलर असला, तर एकूण विक्री ४,२०,००० डॉलर आणि वारसाचा वाटा ५,२५० डॉलर. त्यातून राज्याचा उत्पादन कर जातो. टेक्सासमध्ये तो तेलावर ४.६ टक्के आणि वायूवर ७.५ टक्के आहे. करारात तशी तरतूद असेल, तर वाहतूक आणि प्रक्रियेचा खर्चही कापला जातो.

आता एखादा खरेदीदार या उत्पन्नाच्या अठ्ठेचाळीसपट, म्हणजे २,५२,००० डॉलर देऊ करतो. महिन्याचे ५,२५० डॉलर कायम येत राहतील असे धरले, तर ही रक्कम चार वर्षांत वसूल होते आणि विकणे मूर्खपणाचे वाटते. पण शेल खडकातल्या विहिरीचे उत्पादन पहिल्या वर्षातच साधारण साठ-सत्तर टक्क्यांनी घसरते. घट ६५ टक्के धरली, तर वर्षअखेर त्याच भावाने महिन्याला १,८३८ डॉलरच्या आसपासच हाती येतात. पुढे घसरण मंदावते, पण थांबत नाही. म्हणूनच नव्या विहिरीच्या पहिल्या दोन-चार धनादेशांवरून हक्काची किंमत ठरवणे धोक्याचे असते.

याच्या उलट चूकही तितकीच महागात पडते. त्याच गटात आणखी चार विहिरी खोदायला जागा असेल आणि कंपनीने परवाने घेतले असतील, तर आजच्या एका विहिरीवरून ठरवलेली किंमत फारच कमी असते. खरेदीदाराला बहुधा हे ठाऊक असते आणि मालकाला नसते. सौद्यातली सगळी तफावत इथेच पडते. मात्र ही माहिती गुप्त नसते. टेक्सासचे रेलरोड कमिशन आपल्या नावाप्रमाणे रेल्वे पाहत नाही, तेल आणि वायूचे नियमन करते. प्रत्येक परवाना आणि दरमहाचे उत्पादन ते विनामूल्य प्रसिद्ध करते. भाईंदरमध्ये बसूनही ते पाहता येते.

भाव कोणाच्याच हातात नसतो. २० एप्रिल २०२० रोजी अमेरिकी कच्च्या तेलाचा वायदा शून्याखाली ३७ डॉलरपर्यंत गेला. दोन वर्षांच्या आत, मार्च २०२२ मध्ये, भाव १२० डॉलरच्या वर होता. ज्याच्या घरखर्चाला हे पैसे लागतात त्याला हा चढउतार सोसत नाही. ज्याचे इतर उत्पन्न भक्कम आहे तो वाट पाहू शकतो.

करांमुळे पारडे बऱ्याचदा फिरते. अमेरिकेत रॉयल्टी हे नेहमीचे उत्पन्न समजले जाते, पण साठा संपत जातो म्हणून बहुधा त्यातले १५ टक्के करमुक्त धरता येतात. वारशाने आलेला हक्क विकला, तर मालकाच्या मृत्यूच्या दिवशीचा बाजारभाव ही मूळ किंमत धरली जाते. त्यामुळे लवकर विकल्यास भांडवली नफा जवळजवळ उरत नाही. यासाठी त्या तारखेचे मूल्यांकन लगेच करून ठेवणे फार मोलाचे ठरते.

भारतात राहणाऱ्या वारसासाठी आणखी काही गोष्टी आहेत. परदेशी मालकाच्या रॉयल्टीतून साधारणतः ३० टक्के आणि विक्रीच्या रकमेतून १५ टक्के कर आधीच कापला जातो. विवरणपत्र भरून तो खऱ्या देय कराशी जुळवून घेता येतो. परदेशात राहणाऱ्याकडून वारशाने मिळालेली तिथली स्थावर मालमत्ता धारण करायला १९९९ च्या फेमा कायद्याचे कलम ६(४) मुभा देते. पण निवासी भारतीयाला ती आपल्या विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावी लागते. ती लपवली तर २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाख रुपये दंड होऊ शकतो. अमेरिकेत भरलेल्या कराचे श्रेय दोन देशांतल्या करारामुळे भारतात मिळते. वारसा कराबाबत मात्र असा करार नाही, आणि अमेरिकेबाहेरच्या परदेशी मालकाला तिथल्या मालमत्तेवर फक्त ६०,००० डॉलरपर्यंतच सूट आहे. वयस्कर वारसाने विक्रीचा विचार करावा, याला हे एक ठोस कारण आहे.

विकण्याची इतर कारणेही रास्त असतात. हक्क पाच भावंडांत वाटून तुकडे झालेले असतात, दर पिढीत अमेरिकी काउंटीत नव्याने वारसनोंद करावी लागते, आणि वकिलाची फी वर्षाच्या रॉयल्टीपेक्षा जड होते. कर्ज, आजारपण किंवा मुलांचे शिक्षण यांसाठी आज लागणारी रक्कम उद्याच्या अंदाजापेक्षा महत्त्वाची ठरते. उलट विहिरी जुन्या होऊन उत्पादन स्थिरावले असेल, नवे परवाने निघत असतील आणि पैशांची घाई नसेल, तर हक्क राखणे शहाणपणाचे असते.

पत्राने आलेल्या प्रस्तावाबाबत विशेष सावध राहावे लागते. काही पत्रांसोबत धनादेशासारखा कागद आणि सहीसाठी तयार खरेदीखत असते. वाचणाऱ्याला तो नवा भाडेपट्टा वाटतो, पण सहीने हक्क कायमचा जातो. त्यामुळेच टेक्सासच्या कायद्याने अशा टपाली प्रस्तावावर, हा भाडेपट्टा नसून तुम्ही आपला हक्क विकत आहात, अशी ठळक सूचना छापणे बंधनकारक केले आहे. ‘सात दिवसांत उत्तर द्या’ ही घाई खरेदीदाराची असते. विक्रेत्यावर ती बंधनकारक नसते.

निर्णयापूर्वी मूळ भाडेपट्टा, कंपनीकडून आलेला, वाटा दशांश अपूर्णांकात दाखवणारा आदेश आणि किमान बारा महिन्यांची रॉयल्टीची पत्रके जमवावीत. कंपनीशी बांधलेला नसलेला पेट्रोलियम अभियंता किंवा मूल्यांकनकार आणि त्या राज्यातला तेलहक्कांचा वकील यांचा सल्ला घ्यावा, निदान तीन खरेदीदारांचे भाव मागवावेत. खतात कोणते गट आणि किती खोली लिहिली आहे ते तपासावे, नाहीतर यादीत नसलेले हक्कही ‘काउंटीतील सर्व’ या शब्दांत निघून जातात. पैसे त्रयस्थाकडे जमा झाल्याशिवाय सही केलेले खत हातचे सोडू नये.

सगळे विकणे किंवा सगळे ठेवणे एवढे दोनच मार्ग नाहीत. अर्धा हक्क विकून अर्धा राखता येतो. सध्याच्या विहिरींची रॉयल्टी ठरावीक वर्षांपुरती विकता येते, किंवा खोलवरच्या थरांचा हक्क स्वतःकडे ठेवता येतो. भाव आणि भूगर्भ या दोन्हींचा अंदाज चुकू शकत असल्याने, ज्या कुटुंबाला पैसा हवा आहे पण पुढच्या विहिरीही गमवायच्या नाहीत, त्याच्यासाठी असा अंशतः केलेला व्यवहारच बहुधा सर्वांत सुरक्षित ठरतो.